कप्तानाच्या भुवईवरची जखम

आमच्या आत्याने आयुष्यात एकच मोठा सिनेमा केला, आणि त्यात तिने नेमकं काय केलं हे घरात कुणालाच धड सांगता येत नसे. ती पडद्यावर नव्हती. गाणी, संवाद, कपडे, यातलं काही तिचं नव्हतं. कुणी विचारलं की आई म्हणायची, "ती लक्ष ठेवायची." ऐकणाऱ्याला वाटायचं, सामानावर.

एका अर्थी सामानावरच. सिनेमा आपण बघतो त्या क्रमाने काढत नाहीत. नायक खोलीतून बाहेर पडतो ते आज काढतात आणि खोलीत शिरतो ते महिन्याभराने. मधल्या काळात त्याचे केस वाढतात, शर्ट धुऊन धुऊन विटतो, टेबलावरचा पेला कुणीतरी उचलून नेतं. सगळं मागच्यासारखंच आहे ना, हे डोळ्यांत तेल घालून बघणारं एक माणूस लागतं. त्या कामाला कंटिन्युइटी म्हणतात. ते चोख झालं तर कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि चुकलं तर अख्ख्या थिएटरला दिसतं. असलं काम माणसाने पत्करावंच का, हे मला अजून कळलेलं नाही.

सिनेमा अंतराळयानाचा होता. एक कप्तान आणि त्याचे सोबती पृथ्वीकडे परत निघालेले असतात आणि वाटेत काळाचा काहीतरी घोळ होतो. यान म्हणजे भाड्याने घेतलेलं एक बंद पडलेलं शीतगृह, भिंतींना चंदेरी कागद चिकटवलेलं. मालकाला ते लवकर रिकामं करून हवं होतं, म्हणून यानातला शेवटचा प्रसंग सगळ्यात आधी उरकला. त्या प्रसंगात कप्तानाच्या उजव्या भुवईवर जखम आहे. ती त्याला ज्या मारामारीत झाली, ती मारामारी तेव्हा अजून काढायचीच होती. पुढे कितीतरी महिन्यांनी, भलत्याच जागी ती काढली, आणि त्या दिवशी जखम लागली डाव्या भुवईवर.

सिनेमा विकत घेणाऱ्या लोकांसाठी पहिला खेळ ठेवला होता. जखम या भुवईवरून त्या भुवईवर गेली तेव्हा लोक खो खो हसले. निर्मात्याने दिग्दर्शकाकडे बघितलं आणि दिग्दर्शकाने आत्याकडे. झालं, खापर फोडायला डोकं सापडलं. सिनेमा पडला, आत्याला पुन्हा कुणी काम दिलं नाही, आणि ती घराजवळच्या लाँड्रीच्या काउंटरवर बसायला लागली, ती अजून तिथेच आहे.

तिथे गिऱ्हाइकं तिला टरकून असतात. कोट हातात घेतला की ती त्यातला कणन् कण तपासते. "हे तिसरं बटण दुसऱ्याच कोटाचं आहे, माहिती आहे ना? नंतर आमच्या नावाने ओरडू नका." माणूस बिचारा कपडे टाकायला आलेला, तो आपलंच बटण चोरल्यासारखा कावराबावरा होतो. मालक मात्र खूश असतो, कारण ती बसल्यापासून दुकानात भांडण म्हणून झालेलं नाही. मला विचाराल तर ती खुशीत होती असं मी म्हणणार नाही, पण तिचं ठीक चाललं होतं. जे झालं ते आपल्या चुकीने झालं, एवढं तिने मनाशी पक्कं केलेलं होतं आणि त्यावर माती टाकली होती.

मग इतक्या वर्षांनी लोकांना तो सिनेमा आवडायला लागला, आणि ही माती उकरायला आमच्याच घरातला माणूस निघाला.

माझ्या धाकट्या भावाचं पंखे-दिव्यांचं दुकान आहे. दुकान बंद असलं की तो आणि त्याच्यासारखेच काही रिकामटेकडे एकत्र बसून जुने सिनेमे बघतात आणि हमरीतुमरीवर येतात. एका रविवारी तो चप्पलसुद्धा न काढता आत आला आणि म्हणाला, "आत्या, ती चूक नव्हतीच!"

"कुठली?" आत्याने विचारलं. तिला बरोबर कळलं होतं.

"जखम गं. मुद्दाम आहे ती. त्या यानात दोन कप्तान आहेत."

"एकच होता," आत्या म्हणाली. "मी त्याला रोज जेवताना बघितलंय. दोघांचं जेवायचा, पण होता एकच."

धाकट्याने कपाळाला हात लावला. कथेत दोन आहेत, म्हणाला. काळाच्या घोळात कप्तानाची जागा दुसऱ्याच काळातला कप्तान घेतो. उजवी जखम तो आपला आणि डावी जखम तो परका. कुंडीतलं रोप आधी फुललेलं दिसतं आणि नंतर कळीवर येतं, तेही त्याचमुळे. जाकिटाची चेन उघडी, मग बंद, मग उघडी, तेही. म्हणजे शेवटी यान पृथ्वीवर उतरल्यावर आत धावत आलेल्या बायकोला मिठी मारतो तो कोण, असा खरा प्रश्न आहे.

"रोपाचं मी सांगते," आत्या म्हणाली. "खरं रोप थंडीने मेलं. दुसरं आणलं त्याला फूल नव्हतं. मी ओरडले होते, पण फूल कुठून आणणार?"

"बघ!" मी म्हणाले. "चूकच ती. आंधळं कौतुक करायचं आणि चुकांना तत्त्वज्ञान चिकटवायचं."

"रोपाची चूक असेल, जखमेची नाही," धाकटा म्हणाला. आमची चांगलीच जुंपली. तो टीव्हीवर सिनेमा लावून थांबवत थांबवत दाखवायला लागला. मी म्हणायचे चूक, तो म्हणायचा हेतू. आमच्या दोघांच्या मध्ये आत्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिच्याकडे बघायचं भान आम्हाला दोघांनाही नव्हतं.

बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "मला वाटतं, मी बोलले होते त्यांना."

टीव्ही बंद झाला.

मारामारीच्या दिवशी, ती म्हणाली, कॅमेऱ्याशेजारी उभं राहून तिने दिग्दर्शकाला सांगितलं, जखम उजवीकडे होती. त्यांनी मान हलवली. पण ती मान तिच्यासाठी हलवली, की मागे उभ्या असलेल्या दिवेवाल्याला इशारा म्हणून? आणि मुळात ती मोठ्याने बोलली का? उजेड चालला होता, सगळे आरडाओरडा करत होते. "बोलायचं असं ठरवलं होतं, हे नक्की. आता बोलले की नुसतंच ठरवलं, ते सांगता येत नाही." नोंदी होत्या, पण त्या निर्मात्याच्या ऑफिसात जमा केल्या आणि ऑफिस बंद पडल्यावर रद्दीत गेल्या.

त्यानंतर आत्याचं काही खरं नव्हतं. भाजी चिरताना मधेच सुरी थांबायची. "त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली," असं सोमवारी सांगायची, आणि बुधवारी म्हणायची, "नाही गं, त्यांची पाठ होती माझ्याकडे." लाँड्रीत तिने एकाचा सूट दुसऱ्याला दिला. मालक घरी आला, रागावून नव्हे, तिला बरं नाही का हे विचारायला. जिच्या नजरेतून सुतळीचा तोडाही सुटत नव्हता तिला आता कालची गोष्ट आजच्यासारखी लावता येईना. मी धाकट्याला चांगलं फैलावर घेतलं. तो म्हणाला, "मी तर तिला सोडवायला गेलो होतो."

एकदा मी सरळ तिला विचारलं, तुला काय हवंय? काय ठरलं म्हणजे तुझं समाधान होईल?

"चूक असेल तर ती माझी," ती म्हणाली. "ते मला पचलेलं आहे. पण चूक नसेल, त्यांनी जाणूनबुजून केलं असेल, तर मग लोक हसले तेव्हा ते माझ्याकडे का बघत राहिले? मला घरी का बसवलं? मला काहीही चालेल, पण दोन्हीपैकी एकच काहीतरी सांगा."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मी भांडी घासायला घेते.

पुढे धाकट्याच्या मंडळाने त्या सिनेमाचा खेळ ठरवला. दुपारची वेळ, एका वाचनालयाचं सभागृह, आधी वाद, मग सिनेमा, आणि शेवटी स्वतः दिग्दर्शक येणार होते. ते आता खूप थकले होते, पण येतो म्हणाले होते. आत्या म्हणाली, मी येणार. मात्र मी कोण हे कुणाला सांगायचं नाही. सांगितलंस तर पुन्हा तोंड बघणार नाही, असं धाकट्याला दटावलं.

वाद काय झाला ते विचारू नका. चुकीच्या बाजूने एक दातांचे डॉक्टर बोलले. सगळ्या सिनेमांत असे गोंधळ असतात, लोकांना वेळ जास्त झाला की त्यात अर्थ दिसायला लागतात, असं त्यांचं म्हणणं. हेतूच्या बाजूने भूमिती शिकवणाऱ्या एक बाई उठल्या. त्यांनी फळ्यावर यान काढलं, आरसा काढला, दोन कप्तान काढले आणि इतके बाण काढले की शेवटी त्यांनाच आपला कप्तान कुठला ते सापडेना. टाळ्या दोघांनाही सारख्याच पडल्या. आत्या दोघांच्याही बोलण्यावर मान हलवत होती.

मग सिनेमा सुरू झाला. मी कट्टर चूकवाली, पण त्या दिवशी म्हटलं, बघू तर खरं, दोन कप्तान धरून. आणि काय सांगू, सिनेमा निराळाच दिसायला लागला. परका माणूस दुसऱ्याच्या बायकोचं पत्र वाचतो, दुसऱ्याच्या मुलीचा फोटो उशाखाली ठेवतो. शेवटी यान उतरतं आणि ती बाई धावत आत शिरते. तिला जवळ घेणाऱ्याची जखम उजवीकडे होती. म्हणजे आपलाच कप्तान. मी हुश्श केलं, आणि लगेच मनात आलं की हा प्रसंग तर सगळ्यात आधी काढला होता, तेव्हा दुसरा कप्तान कुणाच्या डोक्यातच नसणार! की होता? माझं डोकं भणभणायला लागलं. शेजारी आत्या पुढे वाकून बसली होती. बायको, मुलगी, पृथ्वी, तिला काही दिसत नव्हतं. ती फक्त त्या माणसाची भुवई बघत होती.

दिवे लागले. दिग्दर्शकांना दोन्ही हातांना धरून मंचावर नेलं. जाड भिंगांचा चष्मा, हातात काठी, अंगावर सैल झालेला कोट. प्रश्न अर्थातच तोच आला. ते म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?" सभागृह टाळ्यांनी दणाणून गेलं. मला वाटलं, उठावं आणि त्या काठीनेच हाणावं. प्रेक्षकांना काय वाटतं ते ऐकायला आम्ही आलो नव्हतो.

नंतर बाहेरच्या व्हरांड्यात चहा होता. ते एका खुर्चीत बसले होते, लोक येऊन पाया पडल्यासारखे वाकून जात होते. गर्दी जरा पांगल्यावर आत्या त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे होते. त्यांनी चष्म्यातून वर बघितलं. ओळखीची एक रेघही चेहऱ्यावर उमटली नाही.

"सर, एक विचारू?" आत्या म्हणाली. "ती जखम तुम्ही मुद्दाम हलवलीत का?"

"त्याचं उत्तर दिलं की मघाशी."

"नाही दिलंत."

ते हसले. त्यांनी तिला शेजारच्या खुर्चीवर बसायची खूण केली. "बाई, तुम्हाला म्हणून सांगतो. मला आठवत नाही. खरंच नाही आठवत. इतकी वर्षं लोक विचारतात, मी हसतो, वेळ निघून जाते. पण मी मनाशी विचार केलाय त्याचा." त्यांनी काठी गुडघ्यांमध्ये धरली. "आमच्याकडे कंटिन्युइटीला एक मुलगी होती. एवढीशी, पण नजर म्हणजे काय नजर! कपातला चहा मघापेक्षा बोटभर कमी आहे म्हणून तिने अख्खा शॉट पुन्हा घ्यायला लावला होता मला. मला, हं! ती उभी असताना जखम या भुवईवरून त्या भुवईवर जाईल? शक्य नाही. ती बोललीच असणार. आणि ती बोलूनही मी तसंच काढलं, याचा अर्थ मला ते तसंच हवं होतं. दुसरं काही संभवतच नाही."

आत्याने हळूच विचारलं, "ती कुठे असते आता?"

"काय माहीत," ते म्हणाले. "पुढे दिसलीच नाही कधी. सोडून का गेली कोण जाणे. लग्नबिग्न झालं असेल. गुणी पोरगी होती."

माझ्या तोंडाशी आलं होतं सगळं. पण आत्याने मागे हात करून माझं मनगट असं काही आवळलं की मी गप्प बसले. तिने त्यांना नमस्कार केला, चहाचा कप उचलून त्यांच्या हाताला लागेल असा ठेवला, आणि आम्ही पायऱ्या उतरून रस्त्यावर आलो.

रस्त्यात मी फुटलेच. "अगं, सांगायचं ना, ती पोरगी मीच म्हणून! तोंडावर सांगायचं! समोर बसला होता तो माणूस, एवढं कौतुक करत होता, आणि तू नमस्कार करून आलीस?"

आत्या थांबली. तिचे डोळे भरले होते, पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा मोकळा दिसत होता.

"वेडी आहेस का?" ती म्हणाली. "मी कोण ते कळलं असतं, तर त्या जखमेपायी मला त्यांनीच घरी बसवलं होतं हेही त्यांना आठवलं असतं. मग ती जखम पुन्हा चूक झाली असती."