जपमाळेला दोन आवाज लागतात

"आधी आवाज जाईल, मग श्वास," डॉक्टर माझ्या नवऱ्याला म्हणाले. सासूबाई आतल्या खोलीत झोपल्या होत्या. त्या दिवसापासून मी त्यांच्या आवाजावर पाळतच ठेवली. त्यांनी चहा मागितला तरी मी आधी कान द्यायचे, कालच्यापेक्षा खाली गेलाय का.

नवरा हडपसरच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला. दुपारी विश्रांतवाडीच्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही दोघीच. सासूबाई कॅथलिक, मी प्रोटेस्टंट घरातून आलेली. तीन वाजता त्यांची जपमाळ असे. त्यात येशूची आई मरिया हिला केलेल्या प्रार्थनेचा पूर्वार्ध एकाने म्हणायचा, उत्तरार्ध दुसऱ्याने. पूर्वी शेजारच्या बाई यायच्या, पण त्या मुलाकडे कर्वेनगरला राहायला गेल्या.

"तू म्हणशील का गं माझ्याबरोबर?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, मला नाही जमणार. आमच्यात मध्यस्थ एकच, येशू. गेलेल्या माणसांकडे आम्ही काही मागत नाही."

"बरं. मग गेल्या रविवारी तुझ्या चर्चमध्ये सगळ्यांना माझ्यासाठी प्रार्थना करायला सांगून आलीस, ते कशाला? तुझं एकटीचं देव ऐकत नव्हता?"

मला रागच आला. ही प्रार्थना शास्त्रात नाहीच, हे त्यांना दाखवायचंच म्हणून मी बायबल उघडलं, आणि पंचाईत झाली. तो पूर्वार्ध म्हणजे लूकच्या शुभवर्तमानातले देवदूताचे आणि मरियेच्या नात्यातल्या अलीशिबेचे शब्द निघाले. मग मी तोडगा काढला. शास्त्रातलं तेवढं मी म्हणेन. आत्ता आणि मरणाच्या वेळी आमच्यासाठी प्रार्थना कर, ही मरियेला केलेली विनंती त्यांची त्यांनी म्हणायची.

"चालेल," त्या म्हणाल्या. "नाहीतरी मरण माझंच आहे."

महिनाभर असं चाललं. माझा अर्धा भाग खणखणीत, त्यांचा रोज थोडा खाली. लोहगावची विमानं डोक्यावरून गेली की मी थांबायचे, नाहीतर त्यांचं काहीच ऐकू यायचं नाही. एक दिवस विमान नसतानाही ऐकू येणार नाही, हे मला कळत होतं. तेव्हा मी काय करणार? न पटलेले शब्द म्हणणार, की त्यांची प्रार्थना अर्धीच सोडणार? तो दिवस यायच्या आत त्या जाव्यात, असंही एकदा मनात आलं. हे मी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही.

तो दिवस आलाच. मी पूर्वार्ध म्हटला आणि थांबले. त्यांचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी मन घट्ट केलं आणि उत्तरार्धाचा पहिला शब्द उच्चारला. त्यांनी हात उचलून माझ्या तोंडावर ठेवला. मी वाकले तेव्हा जेमतेम ऐकू आलं.

"नको. मनात नसताना म्हणू नकोस. तू तुझ्या येशूकडे माग."

मला एवढं हायसं वाटलं की काय सांगू. मी हात जोडले, डोळे मिटले. आमची प्रार्थना सुचेल तशी असते, आणि लांब असते. त्या दिवशी मला फारच छान सुचत गेलं. त्यांच्या कष्टांबद्दल, मायेबद्दल, मोठ्या मनाबद्दल मी देवाशी बराच वेळ बोलले.

आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा त्या गेल्या होत्या. मरणाच्या वेळी कुणीतरी आपल्यासाठी प्रार्थना करत जवळ असावं, एवढंच त्या रोज मागत होत्या. मी जवळ होते, आणि त्यांच्याकडे पाहतसुद्धा नव्हते.