दौंडला उतरलेले कागद

शिरूर-दौंडला सहलीला कुणी जात नाही. मीही गेले नसते. परराज्यातल्या कामगारांना मदत करणाऱ्या आमच्या ग्रुपवर मेसेज आला, 'उद्या गाडी कुणाकडे आहे?' मी हो म्हटलं. मदतीसाठी की ब्लॉगसाठी, ते अजूनही छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

पुण्याहून सहाच्या आत निघालात तर वाघोलीची कोंडी टळते. साडेसातला शिरूरला पोचले. कमलमावशी चाळीच्या तोंडाशीच उभ्या होत्या. साठीच्या, सहा खोल्यांच्या मालकीण. त्यांचा भाडेकरू रफीक, पश्चिम बंगालचा गवंडी. 'बांगलादेशी' असल्याच्या संशयावरून चार दिवसांपूर्वी पोलिसांनी त्याला चौकशीला नेलं होतं. मोबाईलमधले फोटो चालणार नाहीत, संध्याकाळपर्यंत मूळ कागद आणा, नाहीतर त्याला पुढे सीमेवर पाठवू, असा निरोप होता. त्याच्या आजोबांच्या जमिनीचे कागद घेऊन गावचा एक माणूस दौंडला उतरणार होता.

रफीकची बायको साजिदा दारात बसून होती. "वो आ जायेंगे ना, मौसी?"

मावशी गाडीत बसल्या.

न्हावऱ्यावरून चौफुल्याचा रस्ता घ्या. उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकायची तयारी ठेवा. न्हावऱ्यात मिसळ साठ रुपये, बरी होती. मावशींनी नुसता चहा घेतला. मी विचारलं, "तुम्ही एवढं का करता?" माणुसकीबद्दल काही ऐकायला मिळेल, अशी माझी अपेक्षा होती.

"सायबानं इचारलं, ह्यो कवापासून राहतो? म्या म्हनलं, परवाच आलाय. तसं लिहून बी दिलं."

"आणि खरं?"

"सा वर्सं झाली. खोल्यांची कुठं नोंद न्हाई, भाड्याची पावती न्हाई. माझ्यावर यायचं म्हून बोलले. नातीच्या बारशाला साजिदानं सगळी भांडी घासली व्हती, ताई."

भीमेचा पूल ओलांडून आम्ही चौफुल्याला लागलो.

दौंडला गाडी दीड तास लेट. गमछ्यात बांधलेली पिशवी घेऊन एक म्हातारा उतरला. मावशींकडे बघून त्यानं हात जोडले. "आप मालकिन? रफीक बोलता था, बहुत भली हैं." मावशींनी त्याच्या हातातली पिशवी घेतली.

साडेचारला शिरूरला परत, थेट पोलीस ठाण्यात. साहेबांनी कागद उलटसुलट पाहिले. "सकाळीच पाठवला त्याला पुढं."

"सांच्यापर्यंत म्हनला व्हता तुम्ही!"

"आजी, परवाच आलाय हे तुमच्याच सहीनं आहे."

"ते खोटं हाय. आता खरं लिहून घ्या. सा वर्सं."

"मग खोटं कधी बोललात? तेव्हा की आत्ता?" जबाब मात्र त्यांनी घेतला, कागद ठेवून घेतले. "कळवू."

अकरा दिवस झाले. काही कळलेलं नाही. मावशींनी खोल्यांची नोंद करून घेतली. पहिलं नाव रफीकचं घातलं.

माझ्याकडे झारखंडची सुनीता चार वर्षं स्वयंपाकाला येते. काल वही घेऊन मी तिला पूर्ण नाव आणि गाव विचारलं. कधी विचारलंच नव्हतं. तिचे पिठाचे हात परातीतच थांबले.

"दीदी, कोई पूछने आया था क्या?"