पायऱ्यांखाली उभ्या राहिलेल्या बाया

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं रोजचं काम म्हणजे गोधडी पिळणं. गोधडी एकट्याने पिळता येत नाही. नळावर एक टोक माझ्या हातात, दुसरं माझ्या बायकोच्या, शेवंतीच्या. "जोर लावा की ओ, गिरणीत काय नुसती चाय पीत होता?" असं म्हणाली आणि तिच्या हातातलं टोक सुटलं. ओली गोधडी चिखलात. मी शिवी हासडणार होतो, तेवढ्यात तिच्या पायाकडे नजर गेली. रक्ताचा ओघळ घोट्यापर्यंत आला होता.

दुसऱ्या दिवशी तिला बसने शहरातल्या मोठ्या इस्पितळात नेलं. तपासलं, बायोप्सी केली. बायोप्सी म्हणजे आतल्या मांसाचा बारीक तुकडा काढतात आणि काचेखाली बघतात. रिपोर्ट येईपर्यंत तिच्या तोंडात एकच, "काय निघायचं नाही ओ, वय झालं." मी हो म्हणायचो.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाई समोर बसली. तरुण पोर, माझ्या भाचीएवढी. म्हणाली, "बाबा, कॅन्सर आहे. सर्विक्सचा." सर्विक्स म्हणजे गर्भाशयाचं तोंड. "स्टेज थ्री आहे." म्हणजे तिथून बाजूला पसरलाय, कापून काढता येत नाही.

मग तिने शेवंतीला विचारलं, "आजी, मी तुमच्याच डोंगरावर शिबिराला आले होते. तुमच्या दारात आलो होतो आम्ही. तुम्ही का नाही आलात?"

शेवंती म्हणाली, "आलेलं की. खाली पायऱ्यांशी उभी होते. मला कपड्याला रक्त लागत होतं बाय, देवळात कशी येणार?"

डॉक्टरीणबाईने हातातलं पेन खाली ठेवलं.

आता ते शिबिराचं सांगतो, नाहीतर तुम्हाला कळायचं नाही. आम्ही घाटकोपरला डोंगरावर राहतो. वस्ती बरीचशी कोकणातली, गिरणीवाली. संपात गिरण्या गेल्या तेव्हा कोणी हमाल झाला, कोणी माझ्यासारखा वॉचमन. खालच्या बिल्डिंगीतल्या बाया दुखलं खुपलं की डॉक्टरकडे जातात. आमच्या बाया मरायला टेकल्या की जातात. हे इस्पितळालाही दिसत होतं. म्हणून त्यांनी कुठूनशी देणगी मिळवली. देणगीवाल्यांची अट होती की काम वस्तीतल्या लोकांना बरोबर घेऊन करायचं. इस्पितळाने डॉक्टर आणि औषध द्यायचं, आमच्या मंडळाने जागा द्यायची आणि बाया गोळा करायच्या. गोष्ट चांगली होती. आजही मी तिला वाईट म्हणणार नाही.

मंडळाचा अध्यक्ष बाबल, माझ्याच गावचा, एका पाटावर जेवलेलो. त्याने देवळाचा सभामंडप दिला. मोठी जागा, फरशी, पंखा. झकास बॅनर लावला. बाया नटून आल्या. पॅप स्मिअर केली, म्हणजे आतल्या तोंडाचं पाणी कापसाने पुसून काचेवर घेतात. दुखत नाही. रिपोर्ट आले तेव्हा एकीलाही काही निघालं नाही. बाबलने पेढे वाटले. आमच्या घरीही एक आणून दिला. शेवंतीने खाल्ला. दाराशी बसून, कारण तेव्हाही तिला लागत होतं.

तिची पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती. मग परत रक्त दिसलं तेव्हा तिने जन्मभर केलं तेच केलं. चटई टाकून दाराशी बाहेर बसली. चूल मी सांभाळली. शेजारणी चिडवायच्या, "काय गो शेवंते, परत लग्नाची झालीस?" तीही हसायची, "बघा गो एखादा, हा म्हातारा जुना झाला." चार दिवसांचं बसणं आठवड्यावर गेलं, मग उठणंच कमी झालं. हा आजार आहे असं कोणाच्या टाळक्यात आलं नाही. विटाळ म्हणजे विटाळ.

तुमच्या घरात पाळी गेलेल्या बाईला परत रक्त दिसलं असेल तर हा कागद इथेच ठेवा आणि तिला इस्पितळात न्या. माझं रडगाणं नंतर वाचा.

शेवंतीला रेडिएशन सुरू झालं. मोठ्या मशीनखाली निजवतात आणि बाहेरून किरण सोडतात. तिथे सगळे त्याला लाईट घेणं म्हणतात. बाकावर बाया बसलेल्या असायच्या, कोणी सोलापूरची, कोणी बिहारची. एकमेकींना विचारायच्या, "तुमची किती लाईट झाली?" जसे काय नळाच्या रांगेतले हंडे. रक्त थांबलं. शेवंती चटईवरून उठली, देवाला दिवा लावला. मला वाटलं, जिंकलो.

पण कंबर दुखायला लागली. रात्रीची झोप गेली.

इस्पितळातून वस्तीत यायची ती फिलोमिना सिस्टर, जुन्या गावठाणातली, आमच्यासारखीच मराठी बोलणारी, तोंडाने फटकळ. ती एकदा दुसऱ्या शिबिराचं सांगायला घरी आली तेव्हा शेवंतीने तिचा हात धरला. म्हणाली, "सिस्टर, त्या दिवशी पायऱ्यांखाली मी एकटी नव्हते. बऱ्याच होतो. ज्या वर आल्या त्या धडधाकट. परत शिबिर देवळात घेतलंत तर परत पेढेच वाटाल."

सिस्टर म्हणाली, "मग कुठे घेऊ? मला दार पाहिजे, पडदा पाहिजे. रस्त्यावर बाया झोपवू काय?"

मी बाबलकडे गेलो. "जागा बदल," म्हटलं.

"येडा झालास काय रे? देणगीवाले बघायला येणार. बॅनर रंगवून झालाय. आणि देवाच्या पुढ्यात बरं असतं."

"ज्यांना गरज आहे त्या तुझ्या देवाच्या पुढ्यात येत नाहीत."

"मग पाच दिवस थांबून येऊ दे ना!"

"थांबतंय कुठे मेल्या? थांबत नाही हाच तर आजार आहे."

जागा काही त्याने बदलली नाही. मग मी दारोदार फिरलो. कोणी खोली देता का? सगळ्यांची मान एकसारखी हलायची. "घरात देव आहेत, भाऊ." व्यायामशाळेत मारुती. बालवाडीत सरस्वती.

घरी येऊन म्हटलं, "आपलीच खोली देऊया."

शेवंती उठून बसली. "आपल्याकडे देव नाहीत काय? मी स्वतः दाराशी बसते, आणि दहा जणींना आत घेऊ?"

"अगं, पण तूच म्हणतेस ना!"

"म्हणते. पण देव हलवायचे नाहीत. दुसरी जागा बघा."

तिला आजार कळला होता, पण तिचे देव ती सोडणार नव्हती. मला राग आला. अजूनही येतो. कोणावर ते सांगता येत नाही.

मग लघवी कमी झाली. डॉक्टरीणबाईने बाहेर बोलावून सांगितलं, "बाबा, आजाराने लघवीच्या नळ्या दाबल्यात. किडनी थांबतेय. आता त्रास कमी करायचा, एवढंच माझ्या हातात आहे." खोटी आशा दिली नाही. त्याबद्दल तिचे उपकार.

शेवंतीला गुंगी असायची. मधेच डोळे उघडून विचारायची, "जागा मिळाली?" मी म्हणायचो, बघतोय. शेवटचं तेच विचारलं. मी बघतोय म्हटलं आणि दुपारी ती गेली. संध्याकाळच्या आत सगळं आटपून आम्ही डोंगरावर परत आलो. खोलीच्या कोपऱ्यात पिठावर दिवा ठेवला. फळीवरच्या देवांवर शेजारणीने फडकं टाकलं. सुतक लागलं. आता दहा दिवस देवांना फूल नाही, दिवा नाही.

सकाळी शिबिर होतं. बाबल दारात आला, उंबऱ्याच्या बाहेरूनच बोलला. "तू मंडपाकडे येऊ नकोस हां. सुतक आहे तुला."

"नाही येत," म्हटलं. आणि झाकलेल्या देवांकडे बघता बघता माझ्या डोक्यात उजेड पडला.

"बाबल, या घरात आत्ता विटाळ चालतो की नाही?"

"म्हणजे?"

"घर आधीच बाटलंय. आता बाईच्या रक्ताने आणखी काय बाटणार?"

एका पाटावरचा माणूस, त्याला काय सांगायचं. म्हणाला, "टेबल लागेल ना तुला? पाठवतो."

मी खाट मधे ओढली. दिवा कोपऱ्यातच राहू दिला. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी बांधली आणि पडद्याला काही नव्हतं म्हणून तीच गोधडी टाकली. बाबलने निरोप दिला तशी सिस्टर आली, खोली बघितली, क्रुसाची खूण केली आणि पदर खोचून म्हणाली, "पाणी तापवा."

पाणी चुलीवर ठेवून मी देवळाशी गेलो. वर नाही. खाली, पायऱ्यांशी. लुगड्यातल्या, गाऊनवर ओढणी घेतलेल्या, नजर चुकवत सात-आठ बाया उभ्या होत्या. शेवंती उभी राहिली होती तिथेच.

मी म्हटलं, "बायांनो, वर जायचं नाही. माझ्या घरी चला. सुतक आहे, कोणाचा विटाळ लागत नाही."

कोणी हललं नाही. मग एक म्हातारी वळली. तिच्यामागे दुसरी. मी पुढे चालायला लागलो आणि घरापर्यंत मागे वळून बघितलं नाही. बाप्यामाणसाने बघितलं तर लाजून परत फिरल्या असत्या.