वल्ह्याचा प्रसंग

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. घरात बसून कंटाळले होते, हे आधीच कबूल करते, कारण पुढचं सगळं त्या कंटाळ्यातून झालं. मुंबईहून एक सिनेमावाला आला होता. रत्नागिरीजवळ पूर्णगडच्या बाजूला दीड महिना शूटिंग करायचं होतं आणि नटांना इथली बोली शिकवायला कोणीतरी माहितगार हवं होतं. मी त्याच भागातल्या शाळेत सव्वीस वर्षं मराठी शिकवलं. कोणीतरी माझं नाव सुचवलं. मी फोनवरच हो म्हटलं आणि संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीत सगळ्यांना सांगूनही झालं.

दिग्दर्शक पस्तिशीचा होता. बोलायला गोड. पहिल्याच दिवशी त्याने मला कथा सांगितली. तीन अनोळखी माणसं समुद्रकाठच्या एका बंद बंगल्यात एकत्र येतात. एक डॉक्टर, ज्याच्या चुकीने पेशंट दगावलेला. एक बाई, जी तान्हं मूल टाकून निघून आलेली. एक नुकताच तुरुंगातून सुटलेला. तिघंही आतून मोडलेली. ती एकमेकांना ओरबाडतात, एकमेकांसमोर सगळं उघडं करतात आणि शेवटी त्यांना सुटका मिळते.

“धाडसी आहे,” तो म्हणाला. “लोक बिथरतील, मॅडम. बिथरायलाच हवेत.”

मला कथा वाईट वाटली नाही. मोडलेली माणसं मीही पाहिलेली होती. माझा वाद सुरू झाला तो भाषेवरून. संवादांच्या कागदावर सगळीकडे ‘माका’ आणि ‘तुका’ लिहिलेलं होतं. मी सांगितलं, हे इथलं नाही, हे खाली सिंधुदुर्गात बोलतात. आमच्याकडे ‘मला’ आणि ‘तुला’च म्हणतात, पण हेल वेगळा, शब्द वेगळे. तो हसला.

“मॅडम, कोकण म्हटलं की लोकांना माका-तुका ऐकायचं असतं.”

“मग मला कशाला बोलावलंत?”

“थोडा खरेपणा यावा म्हणून.”

त्या ‘थोडा’चा अर्थ मला हळूहळू कळला. सकाळी मी नटीला एक वाक्य शिकवायची, दुपारी सेटवर ती तेच वाक्य जसं कागदावर होतं तसं म्हणायची. मी हात वर केला की कोणीतरी माझ्यासाठी खुर्ची आणून ठेवायचं. चहाही यायचा. इतक्या मानाने कोणी कोणाला गप्प बसवलेलं मी पाहिलेलं नव्हतं. आठवड्याभरात मी मनातून इतकी चिडले होते की घरी येऊन भांड्यांवर राग काढायची.

आणि अशातच एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते घडलं. आम्ही मांडवाखाली बसलो होतो. समोर खाडीत होड्या लागलेल्या होत्या, बायका मासळी उतरवून घेत होत्या. दिग्दर्शक बराच वेळ तिकडे बघत होता. मग म्हणाला, “किती शांत माणसं आहेत ही. खायचं, समुद्रावर जायचं, झोपायचं. यांना आतून काही होतच नसेल, नाही?”

मी डिवचली गेले. नुसतं ‘तसं नसतं’ म्हणून गप्प बसले असते तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मला त्याला दाखवून द्यायचं होतं. मी त्याला माझ्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली.

तो माझ्या हाताखाली दहावी झाला. पुढे होडीचा तांडेल झाला, म्हणजे होडी त्याच्या शब्दावर चालायची. नऊ वर्षांपूर्वी समुद्रावर जाऊ नका असा इशारा आलेला असताना त्याने होडी काढली. बाकी सगळे थांबले होते. त्याच्याबरोबर तिघं खलाशी होते. वारा फिरला, जाळ्याच्या दोरात एकाचा पाय अडकला आणि तो खाली गेला. तिशीचा गडी, विधवा आईचा एकुलता एक. चौथ्या दिवशी तो खालच्या पुळणीवर, वाळूत लागला. माझ्या विद्यार्थ्यावर कोणी केस केली नाही. त्या आईने शिव्या दिल्या नाहीत की गाऱ्हाणं घातलं नाही. ती त्याच्याशी बोलायची थांबली, बस्स.

आणि तेव्हापासून तो होडी लागली की आधी तिच्या घरी जातो. खळ्यात म्हणजे अंगणात शिरत नाही. चिऱ्याच्या पायरीवर मासळी ठेवतो आणि वळतो. ती तो गेल्यावर उचलून घेते. नऊ वर्षं. सगळ्या वाडीला माहीत आहे आणि कोणीही त्याचा उच्चार करत नाही. मला त्याने एकदाच सांगितलं होतं, तेही मी खोदून विचारलं म्हणून. म्हणाला होता, “बोलायला काय नाय माझ्याकडं, बाई. मासे हायत.”

मी हे सांगत होते तेव्हा दिग्दर्शकाने ताट बाजूला ठेवलं होतं. त्याचे डोळे भरून आले होते, हे मी खोटं सांगणार नाही. मला बरं वाटलं. जिंकल्यासारखं वाटलं.

बारा दिवसांनी माझ्या मोबाईलवर नवीन पानं आली. बंगल्यात आता चौथा माणूस आला होता. तांडेल. पायरीवरची मासळी पहिल्या अर्ध्या पानात होती आणि संपली होती. पुढे असं होतं की तांडेल भर दुपारी, अंगावर कपडा न ठेवता, मेलेल्या खलाशाच्या आईच्या खळ्यात जाऊन गुडघ्यावर बसतो. हातातलं वल्हं तिच्यासमोर धरतो आणि म्हणतो, मला मार. ती त्याला रक्त येईपर्यंत मारते. मग वल्हं टाकून त्याला पोटाशी धरते.

मी तशीच रिक्षा करून सेटवर गेले.

“हे असं झालेलं नाही,” मी म्हटलं. “असं इकडे कोणी करणारही नाही. ती बाई त्याच्याकडे बघतसुद्धा नाही.”

“तेच तर, मॅडम. नऊ वर्षं नुसती मासळी. त्यात सुटका कुठे आहे?”

“ती तुम्ही शोधताय. त्यांनी मागितलेली नाही.”

“आम्ही कुणाचं नाव घेतलंय का? गोष्टीला मालक नसतो.”

मी आणखी पुष्कळ बोलले. तो ऐकत होता, मान हलवत होता, आणि माझ्यामागे उभ्या असलेल्या कॅमेरावाल्याला हाताने काहीतरी खुणावत होता.

त्या दिवशी मी काम सोडायला हवं होतं. सोडलं नाही. सिनेमाच्या सुरुवातीला पाट्या येतात त्यात माझं नाव येणार होतं. माझी बहीण, तिच्या सुना, शाळेतल्या जुन्या सहकारी, सगळ्यांना मी ते सांगून बसले होते. आणि दुसरी गोष्ट सांगायला जास्त लाज वाटते. मी ती पानं छापून घेऊन दुरुस्त केली. तांडेलाच्या तोंडी ‘आई, माका मार’ असं होतं. मी ते खोडून ‘मार गो आये, मला मार’ असं केलं. समासात लाल पेनने. सव्वीस वर्षांची सवय. सिनेमात ते एक वाक्य मी लिहिलं तसंच्या तसं आहे.

सिनेमा आला तो थेट मोबाईलवरच. रत्नागिरीत थिएटरला लागला असता तर चार माणसांनी पाहिला असता. तिघा मोडलेल्या माणसांची गोष्ट कोणी बघितली नाही, पण वल्ह्याचा दोन मिनिटांचा तुकडा कोणीतरी कापून पुढे पाठवला आणि तो दोन दिवसांत सगळ्या किनाऱ्याने पाहिला. मुंबईत कामाला असलेल्या पोरांनी गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं होतं, हा आपलाच ना?

तांडेलाच्या बायकोचा मला फोन आला. ती रागावली असती तर सोपं झालं असतं.

“बाई, तुमी सांगितलंत काय?”

“हो.”

“बरं,” असं म्हणून तिने फोन ठेवला.

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गेले. तो घरामागे माडाच्या सावलीत जाळं दुरुस्त करत बसला होता. मला बघून उठला. मी नको नको म्हणत असताना खुर्ची आणली. विद्यार्थी तो विद्यार्थीच. मी म्हटलं, माझी चूक झाली. तो जाळ्याकडे बघत राहिला.

“तुमी वायट मनानं नाय सांगितलंत.”

“तू मासळी द्यायला जातोयस ना?”

“नाय.”

“का?”

“आता कसा जाऊ, बाई? पायरीवर वाकलो तर कोणतरी मोबाईल काढील. लोक म्हणतील, सिनेमा बघून आला.” त्याने सुतळी दातांनी तोडली. “मी जात होतो ते कोण बघत नव्हतं म्हणून जात होतो.”

मी त्याची समजूत घालायला लागले. लोक चार दिवसांत विसरतील, तू तुझं चालू ठेव, असलं काहीबाही. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि बायकोला चहा टाकायला सांगितलं. यापेक्षा त्याने मला हाकलून दिलं असतं तर बरं झालं असतं.

तिथून मी त्या आईकडे गेले. सत्तरी ओलांडलेली, वाळकी, ताठ बाई. पडवीत सुपात तांदूळ निवडत होती. मी बसल्यावर तिने सूप बाजूला सारलं आणि मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “बाई, तो येत नाय आता. आजारी हाय काय?”

मी सिनेमाचं सांगितलं. जमेल तितकं सांगितलं. नागडा माणूस आणि वल्हं हे तिच्यासमोर उच्चारताना माझी जीभ अडखळली, पण गोष्ट बदलून सांगायचं सिनेमावाल्यांचं पाप मलाही करायचं नव्हतं. तिने सगळं ऐकलं. तिने तो तुकडा पाहिलेला नव्हता, तिला मोबाईलवर दिसतही नव्हतं. शेजारणीने काहीतरी सांगितलं होतं, ते तिला कळलं नव्हतं.

“मी मारलं त्याला?” तिने विचारलं.

“सिनेमात.”

“आणि मग जवळ घेतलं?”

“हो.”

तिने सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. मग म्हणाली, “मी नाय घेतलं जवळ. आणि मारलंबी नाय.” जणू काही मीच कोणी पंच होते आणि तिला आपली बाजू नोंदवायची होती. मला तिथे पडवीत रडू आलं. तिने पाणी दिलं, पण मला गप्प करायचा प्रयत्न केला नाही.

निघताना मी वेडेपणा केला. म्हटलं, मी आठवड्यातून दोनदा मासळी आणून देत जाईन. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी चप्पल उलटसुलट पायात घालून बाहेर पडले.

त्यानंतरचा महिना मी नुसती चरफडत होते. दिग्दर्शकाला तीन वेळा फोन लावला. तिसऱ्यांदा त्याने उचलला आणि मी बोलायच्या आत सांगितलं की सिनेमाला बाहेर कुठेतरी बक्षीस मिळालंय आणि वल्ह्याच्या प्रसंगाला लोक हमसून हमसून रडले. “तुमच्यामुळे, मॅडम,” तो म्हणाला. मी त्याला त्या दोघांचं काय झालं ते सांगायला सुरुवात केली. त्याच्या आवाजात एकदम रस आला, “म्हणजे आता तो जातच नाही?” तेव्हा मला माझंच भान आलं. मी फोन कापला. पुढचं मी त्याला कधी सांगितलं नाही, एवढं तरी मला जमलं.

पुढचं मी स्वतः पाहिलं नाही. तांडेलाच्या बायकोने सांगितलं. एका सकाळी होड्या लागल्या होत्या, जेटीवर माणसांची गर्दी होती, आणि ती आई काठी टेकत तिथवर चालत आली. मुलगा गेल्यापासून ती जेटीवर आलेली नव्हती. माणसं बाजूला झाली. एकदोघांनी मोबाईल काढलेही असतील. ती थेट त्याच्या होडीपाशी जाऊन उभी राहिली.

“काय रं,” ती म्हणाली, “मासं गावत नाय काय तुला?”

“गावतंय,” तो म्हणाला.

“मग?”

त्याने पाटी भरली आणि तिच्यासमोर ठेवली. तिने पाटीत पाहिलं.

“एवढं नको. मी एकटी हाय.”

त्याने अर्धी कमी केली. पाटी उचलून तो तिच्या मागून चालत गेला, सगळ्यांच्या देखत, आणि पायरीवर ठेवून परत आला. आता रोज जातो. बोलत नाहीत अजूनही. त्या दिवशी जेवढं बोलले तेवढंच.

हे लिहायच्या आधी मी त्याच्या बायकोला विचारलं. त्याला विचारायची हिंमत झाली नाही, म्हणून तिला. ती म्हणाली, “सगळ्या जगाला म्हायत झालंय, आता लिवा काय नि नको काय.” आणि मग म्हणाली, “लिवा. पण वल्हं नव्हतं असं लिवा.” वल्हं नव्हतं. ते मुंबईहून गाडीत घालून आणलेलं होतं. खऱ्या होडीला केव्हाच इंजिन बसलेलं आहे.

गेल्या महिन्यात एका लग्नासाठी त्या बाजूला गेले होते. परतीच्या एसटीला वेळ होता म्हणून जेटीवर गेले. तो होडीत होता. मला त्याने पाहिलं. पूर्वी मी दिसले की तो हातातलं काम टाकून यायचा, जबरदस्तीने पिशवीत बांगडे घालायचा, माझ्या गुडघ्यांची चौकशी करायचा. या वेळी तो वाकून दोर गुंडाळत राहिला. मी उभी राहिले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. शेवटी त्याने मान वर न करता सांगितलं, “बाई, गाडी चुकंल तुमची.”

गाडीला अजून पाऊण तास होता. मी निघाले.