वजनघरासाठी एक हरकत

वॉटरफोर्डपासून तासाभरावरच्या एका बाजारगावात आम्ही सात वर्षं काढली. मी औषधांच्या कारखान्यात क्वालिटीत होतो. काय चुकलं, किती वाजता चुकलं, का चुकलं याचे रिपोर्ट दिवसभर लिहायचे आणि संध्याकाळी घरी येऊन सोफ्यावर आडवं व्हायचं, एवढंच माझं आयर्लंड. गावाचा वारसा वगैरे गोष्टींशी मला काही देणंघेणं नव्हतं.

शेजारी सत्तरीच्या एक बाई एकट्याच राहायच्या. चौकातल्या दगडी वजनघरात त्यांचे वडील मापाडी होते. बाजाराच्या दिवशी लोणी, लोकर, बटाटे, जे येईल ते तिथे तोलून मगच विकायचं, असा एके काळी गावचा नियम. बाजार केव्हाच बंद पडला होता. उरली होती एवढीशी खोली, झिजलेला उंबरा आणि आत एक गंजलेला काटा. युरो नुकताच आला होता, गावोगाव क्रेन उभ्या होत्या. एक दिवस वजनघराच्या दारावरही नोटीस लागली. ते पाडून तिथे दुकानं आणि फ्लॅट होणार होते. हरकत असेल तर पाच आठवड्यांत कौन्सिलकडे लेखी द्यायची होती.

बाई वडिलांचे कागद आणि फोटो बुटांच्या खोक्यात घालून आमच्याकडे आल्या. बाकी गावाला दुकानं हवीच होती, हरकत घेणाऱ्या त्या एकट्या.

"तुमचं कामच लिहिण्याचं," त्या म्हणाल्या. "मला तसं कायद्याचं लिहिता येत नाही."

मी हो म्हणालो. नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं, तेवढं नव्हतं.

खोकं पाच आठवडे जेवणाच्या टेबलावर होतं. कारखान्यात ऑडिट होतं, मग ऑडिटची उत्तरं होती. बायको खोकं बाजूला सरकवून ताटं मांडायची आणि विचारायची, लिहिलंस का रे ते? मी म्हणायचो, तारीख वाढते गं. मला खरंच तसं वाटत होतं. परीक्षेच्या फॉर्मपासून घरपट्टीपर्यंत, शेवटची तारीख खरोखर शेवटची असते हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मुदतवाढ मिळते, फार तर लेट फी पडते. बाई कुंपणापाशी भेटल्या की फक्त हवेबद्दल बोलायच्या, पत्राचा विषय एकदाही काढला नाही. त्याचाही मला रागच यायचा. एकदा आठवण करायला काय जात होतं त्यांचं?

शेवटी एका गुरुवारी बसलो आणि लिहिलं. चार पानं, मुद्देसूद, जुन्या फोटोंच्या प्रतींसकट. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत कौन्सिलच्या खिडकीवर नेऊन दिलं. तिथल्या मुलीने तारीख पाहिली आणि पाकीट हलकेच परत सरकवलं. मुदत काल संपली होती. वेळेत हरकत नसेल तर पुढे अपीलही करता येत नाही, असं तिने सांगितलं. मी लेट फीचं विचारलं. तिला प्रश्नच कळला नाही. ज्या देशात प्लंबर सांगितलेल्या आठवड्यात उगवत नाही, तिथे एका दिवसावरून अडवतात म्हणून मी गाडीत बसून चडफडलो. मग माझी मलाच लाज वाटली.

संध्याकाळी खोकं घेऊन बाईंकडे गेलो आणि काय झालं ते सांगून टाकलं. त्या "ग्रँड, ग्रँड" म्हणाल्या, म्हणजे असू दे, आणि चहाला आधण ठेवलं. मग कपाटातून एक पाकीट काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. त्यावर कौन्सिलचा पत्ता होता, तिकीटही लावलेलं होतं.

"तुमच्याकडे यायच्या आधीच लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमचं जास्त चांगलं होईल, म्हणून पाठवलं नाही."

मी उघडून वाचलं. दीड पान होतं. वडिलांनी तिथे किती वर्षं काम केलं ते लिहिलं होतं, आणि ती जागा पाडू नये अशी विनंती होती. खाली सही आणि तारीख. हरकत नोंदवायला तेवढं पुरेसं होतं.