गावितचा ताप उतरला तो दिवस

नाशिकला माझं पोस्टिंग युनिटच्या एम.आय. रूममध्ये होतं. म्हणजे पलटणीचा छोटा दवाखाना. सात खाटा, एक डॉक्टर कॅप्टनसाहेब आणि मी, हवालदार, नर्सिंग असिस्टंट. मूळचा कळवणचा. त्या पावसाळ्यात सातही खाटांवर डेंग्यू होता.

रुटीन पक्कं. ०६०० ला टेम्परेचर, ०७०० ला रक्त लॅबला. दर चार तासांनी बीपी, नाडी आणि लघवी मोजून चार्टवर. कॅप्टनसाहेब रोज बजावायचे, "ताप उतरला की गाफील राहू नका. खरा धोका पुढचे दोन दिवस." मी "येस सर" म्हणायचो. ऐकलं होतं, डोक्यात शिरलं नव्हतं.

सगळ्यांचं लक्ष तीन नंबरच्या खाटेवर. सिपाही यादव, प्लेटलेट अठ्ठावीस हजार. त्या आकड्याची चर्चा पार लंगरपर्यंत, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरापर्यंत. शेजारी चार नंबरला लान्स नायक गावित, सुरगाण्याकडचा, प्लेटलेट नव्वद हजार. त्याची काळजी कोण करतो! पाचव्या दिवशी सकाळी त्याचा ताप गेला. त्याने लगेच बायकोला फोन लावला, "उतरला ताप. शनिवारी येतो." सुट्टी मंजूर होती, फक्त मी आणि साहेबांनी फिट म्हणायचं बाकी होतं.

आता सिव्हिलमधल्या लोकांना एक सांगतो. फौजीला तब्येत विचारली की एकच उत्तर येतं, ठीक. पाय मोडला तरी ठीक. त्यात सुट्टी तोंडावर आलेली.

त्या सकाळी गावित एका जागी बसेना. उठायचा, खाटेभोवती फिरायचा, पडायचा, परत उठायचा. मला वाटलं, जवान तरतरीत झाला. काय अक्कल माझी! मी त्याला कामाला लावलं.

"गावित, चैन पडत नाही ना? मग चादरींच्या घड्या घाल."

"जी, उस्ताद."

कॅप्टनसाहेब फायरिंग रेंजवर ड्यूटीला गेलेले. १००० ला मी यादवच्या सलाईनशी झटत होतो. तिथूनच ओरडलो, "गावित, लघवी?"

"झाली, उस्ताद."

"पोट?"

"बरा हाय."

भांडं न बघता मी रकान्यात टिक केली. बीपी मागाहून घेऊ म्हटलं आणि राहिलं.

१३२० ला यादवनेच हाक मारली. "उस्ताद, गावित भाई को दो बार उल्टी हुई है. बोले, किसी को मत बताना."

गावित व्हरांड्यात बाकावर पोट धरून बसला होता. हात हातात घेतला तर बर्फ. बीपी शहाण्णव-ऐंशी. वरचा आणि खालचा आकडा एकमेकांना भिडायला आलेले. वायरलेस सेट उचलला.

"रेंज, एम.आय. रूम. डॉक्टरसाहेबांना द्या. ओव्हर."

"बोल."

"गावित, सर. हात गार, बीपी शहाण्णव-ऐंशी. ओव्हर."

"सकाळपासून लघवी किती?"

मी चार्ट ओढला. रकान्यात नुसती टिक.

"हवालदार, लघवी किती?"

"मोजली नाही, सर."

"सलाईन फुल सोड. ॲम्ब्युलन्स काढ. मी निघालो. आउट."

डेंग्यूत ताप उतरताना काहींच्या नसांमधून पाणी झिरपतं. रक्त घट्ट होतं, नाडी हरवते. पोट दुखणं, उलट्या, तगमग, लघवी कमी होणं, या त्याच्या खुणा. गावितने सगळ्या दाखवल्या. मी यादवचा आकडा बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी ११४० ला मोठ्या इस्पितळात गावितने प्राण सोडला. यादव आठवड्याने स्वतःच्या पायांनी बॅरकमध्ये गेला. चौकशीत मी टिक कशी केली ते लिहून दिलं. शिक्षा झाली, ती कमीच होती.

गावितची ट्रंक न्यायला त्याची बायको आली. माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "ताप उतरला असं तेच बोलले फोनवर. मंग कशानं गेले?"

मी सगळं सांगितलं, टिकसकट. वाटलं, थोबाडीत देईल. द्यावी असंही वाटलं. तिने ट्रंकेची कडी लावली.

"इथं डॉक्टर हाय, तुमी हायत, तरी असं झालं," ती म्हणाली. "आमच्या पाड्यावर ताप उतरल्यावर कोण बघणार?"

पेन्शनवर आल्यापासून दर पावसाळ्यात मी सुरगाण्याकडच्या पाड्यांवर जातो. ताप उतरलेल्यांच्याच घरी जातो. लोक हसतात, "बरा झाला की तो, आता कशाला आलात?" मी भांडं मागतो, लघवी मोजतो. मग त्यांना लान्स नायक गावितचं नाव सांगतो, आणि त्याच्या चार्टवर खोटी टिक करणारा मीच, हेही सांगतो.