जोडारी सरांची पाकिटं

जोडारी सर कुणाच्याही दुकानात शिरले की नमस्कार करायच्या आधी वाकून टेबलाखाली बघायचे. मालक "या, या, बसा" म्हणत उभा राहायचा आणि सर गुडघ्यांवर हात टेकून तारांचा गुंता न्याहाळत असायचे. गणपतीपुळ्याच्या एका हॉटेलात ते असेच वाकले, तर शेजारी जेवायला बसलेल्या बाईंनी किंचाळून पाय वर घेतले. त्यांना वाटलं साप निघाला. सर उठून म्हणाले, "साप असता तर बरा होता. ह्या तारांपेक्षा नीट वेटोळं घालून बसला असता." मग त्या बाईंचं जेवण होईपर्यंत ते बाहेर पायरीवर थांबले, कारण पाय वर घेऊन कुणी जेवू नये असं त्यांचं म्हणणं होतं.

त्यांचं खरं नाव लेटरहेडवर असायचं, पण त्या नावानं त्यांना हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. आयटीआयमध्ये ते फिटरच्या, म्हणजे जोडारीच्या वर्गाला शिकवायचे. पोरांनी ठेवलेलं नाव पुढे सगळ्या रत्नागिरीनं उचललं. नव्वदच्या दशकात त्यांनी ती नोकरी सोडली आणि मारुती मंदिराजवळ पिठाच्या गिरणीवर एक खोली घेऊन कॉम्प्युटरची कंपनी काढली. गावात तेव्हा कॉम्प्युटर हे प्रकरण काचेच्या खोलीत ठेवून चपला बाहेर काढून बघायचं होतं. आमच्या खोलीत मात्र खालून पीठ उडून यायचं आणि संध्याकाळपर्यंत मी, सर आणि मॉनिटर, तिघेही पांढरे व्हायचो. डिप्लोमा संपवून मी तिथं कामाला लागले तेव्हा कंपनीत आम्ही दोघंच होतो.

आमचं काम सांगायला सोपं होतं. एका धंद्यातले सुटे कॉम्प्युटर एकमेकांना जोडून द्यायचे, त्यावर त्या धंद्याचा प्रोग्रॅम लिहून बसवायचा. पहिलं मोठं काम आंब्याच्या कॅनिंगच्या कारखान्यात मिळालं. तिथं गोदाम एका टोकाला आणि ऑफिस दुसऱ्या टोकाला होतं. गोदामात किती डबे भरले हे फ्लॉपीवर उतरवून एक बाई दिवसातून चार वेळा प्लास्टिकच्या पिशवीतून ऑफिसात आणून द्यायची. आम्ही तार टाकली. गोदामात टाइप केलेला आकडा ऑफिसात दिसला तेव्हा कारखान्याचे मालक पडद्याला हात लावून बघायला लागले. ती बाई मात्र रडवेली झाली. सरांनी मालकांना तिथल्या तिथं सांगितलं, "हिला टायपिंग शिकवा. हिच्याइतकं गोदाम कुणाला माहीत नाही." ती अजून त्याच कारखान्यात आहे, आता तिच्या हाताखाली सहाजण आहेत. असा माणूस होता, हे मला आधी सांगायला हवं.

जांभ्याच्या चिऱ्यांची भिंत ही आमची कायमची डोकेदुखी. ड्रिल लावलं की कधी पोकळी लागायची, कधी मुंग्यांचं वारूळ, आणि पुढे बिनतारी यंत्रं आली तेव्हा त्यांच्या लहरी त्या जाड भिंतीत शिरून तिथंच आराम करायला लागल्या. मिरकरवाडा बंदरावर वेगळंच. खारट हवेनं तांब्याची टोकं महिनाभरात हिरवी पडायची. त्यासाठी सर खिशात शाळेतल्या पोरांचं खोडरबर ठेवायचे. कॉम्प्युटर उघडून आतल्या पट्ट्या त्या रबरानं हलक्या हातानं घासायचे, की मेलेलं मशीन सुरू. पुण्याहून आलेला एक इंजिनिअर ते बघून हसला होता. सर त्याला म्हणाले, "तुमच्याकडं समुद्र नाही, तुम्हाला कळायचं नाही."

पण सरांची खरी ओळख म्हणजे पाकिटं. काम पूर्ण झालं की मुख्य कॉम्प्युटरचा पासवर्ड मालकानं स्वतः टाकायचा, आणि तो टाकत असताना आम्ही दोघांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मालक गोंधळायचे. "सर, तुमच्यापासून काय लपवायचं?" सर भिंतीवरचं कॅलेंडर वाचत म्हणायचे, "टाका. आम्ही जोडून द्यायचं, आत राहायचं नाही." मग तो पासवर्ड कागदावर लिहायचा, कागद पाकिटात, पाकीट चिकटवून वर मालकाची सही, आणि ते मालकाच्याच कपाटात. त्या पासवर्डनं त्या धंद्याचं सगळं उघडायचं, माल, भाव, गिऱ्हाइकांची नावं, सगळं. पुढे कधी दुरुस्ती निघाली तर मालकालाच बोलवायचं, त्यानंच उघडायचं, आम्ही पुन्हा भिंतीकडे. गणपतीपुळ्याच्या हॉटेलवाल्यांनी ते पाकीट देव्हाऱ्यात ठेवलं होतं आणि त्यालाही रोज फूल वाहायचे. बावीस वर्षांत मी एकाही गिऱ्हाइकाचा पासवर्ड पाहिला नाही. याचा मला अभिमान होता आणि तो मी माहेरी, सासरी, जिथं संधी मिळेल तिथं मिरवत असे.

सुरुवातीला बंदरावर बाई कॉम्प्युटर दुरुस्त करायला आली की माणसं माझ्यामागे कुणी येतंय का ते बघायची. मासळीचे व्यापारी हसनचाचा तर सरळ म्हणाले होते, "बाय, सर खंय हायत?" सरांनी त्यांना फोनवर सांगितलं, "ही आली म्हणजे मीच आलो असं समजा." त्या एका वाक्यावर माझं पुढचं सगळं आयुष्य उभं राहिलं. लांज्याच्या काजूवाल्यांपासून जेटीवरच्या बर्फ कारखान्यापर्यंत मी कुठंही गेले तरी दार उघडं असायचं. हसनचाचांच्या घरी ईदला माझ्यासाठी शेवयांचं भांडं वेगळं काढून ठेवलेलं असे.

मग दिवस बदलले. प्रत्येकाच्या खिशात फोन आला आणि जे काम आम्ही महिनाभर तारा ओढून करायचो ते मुंबईत बसलेल्या कंपन्या फोनवरून करून द्यायला लागल्या. सर गप्प गप्प राहायला लागले. टेबलाखाली वाकणं बंद झालं, मी समजले गुडघे दुखत असतील. कधी मुंबईहून माणसं यायची, सर त्यांना बाहेर हॉटेलात भेटायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "बघतोय गो, काय करता येतं ते." मी पुन्हा विचारलं नाही. सर बघतायत म्हटल्यावर मी कशाला बघू?

गेल्या वर्षी एका सकाळी त्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "सगळीकडे नवी यंत्रणा बसवायची आहे. आठ दिवसांसाठी सगळ्यांची पाकिटं लागतील. तू जाऊन घेऊन ये."

"मालकांनाच टाकायला सांगू की," मी म्हटलं. "नेहमीसारखं."

"तीसपस्तीस ठिकाणी किती फिरणार? आणि मी गेलो तर चहातच दिवस जाईल. तू मागितलीस तर देतील."

मी गेले. पाच दिवस एसटीनं आणि स्कूटरनं फिरले. हॉटेलवाल्यांनी देव्हाऱ्यातलं पाकीट काढून मला दिलं, वरचं फूल तसंच होतं. काजूवाल्या काकींनी तर पाकिटाबरोबर काजूगरही दिले. हसनचाचा तेवढे अडले. कपाट उघडून पाकीट हातात धरून बसून राहिले.

"सर कशाला नाय आले?"

"चाचा, सरांनीच पाठवलंय. मी आले म्हणजे सरच आले ना?"

"ह्यां पाकीट मी बायकोला पण दावलेलां नाय."

"आठ दिवसांत परत आणून देते. माझा शब्द."

त्यांनी दिलं. त्यांच्या त्या कॉम्प्युटरात तीस वर्षांत जोडलेली माणसं होती. दुबईचे, मस्कतचे, केरळचे व्यापारी, कोणाला कुठली मासळी किती बर्फात लागते, कोणाचं ठरलेलं माणूस कोण. परत येताना सगळी पाकिटं माझ्या मांडीवरच्या पिशवीत होती आणि मला एकदाही वाटलं नाही की आयुष्यभर भिंतीकडे तोंड करून उभी राहिलेली मी आज हे काय घेऊन चाललेय. सरांनी सांगितलं होतं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. इतकी मूर्ख बाई साऱ्या जिल्ह्यात शोधून सापडली नसती.

दहाव्या दिवशी, सोमवारी, सगळ्यांचे कॉम्प्युटर उघडले ते नव्याच नावानं. सरांनी कंपनी मुंबईच्या एका मोठ्या कंपनीला विकली होती. सौदा माझ्या फेरीच्या महिनाभर आधीच झाला होता. पाकिटं उघडून सगळ्यांची सगळी माहिती मुंबईच्या यंत्रांवर गेली होती आणि स्वतःचीच जुनी यादी बघायला माणसांना आता मुंबईला अर्ज करावा लागत होता. मला हे हॉटेलवाल्यांच्या फोनवरून कळलं. ते ओरडले नाहीत. "ताई, तुम्हाला माहीत होतं ना?" एवढंच विचारलं. मी नाही म्हटलं, आणि माझं मलाच ते खोटं वाटलं.

हसनचाचांचं सगळ्यात वाईट झालं. त्या मुंबईच्या मालकाची मासळी निर्यातीचीही एक कंपनी होती. पंधरा दिवसांच्या आत चाचांच्या व्यापाऱ्यांना एकेक करून तिकडून फोन गेले. कुणाला काय लागतं ते फोन करणाऱ्याला आधीच माहीत होतं. चाचांचा पुतण्या वकिलाकडे जाऊन आला. वकील म्हणाला, पाकीट तुम्ही स्वतःच्या हातानं दिलंत, आता काय करणार?

मी सरांच्या घरी गेले. ते पडवीत बसले होते. सरांच्या पत्नीनं, काकूंनी, मला बघून न विचारता चहा टाकला. मी उभ्याउभ्याच विचारलं, "तुम्हाला माहीत होतं त्यांचा मासळीचा धंदा आहे ते?"

"मी विचारलं नाही."

"आणि मला का नाही सांगितलंत विकलीत म्हणून?"

सर अंगणाकडे बघत शांतपणे म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू गेली नसतीस."

मला वाटलं होतं, ते म्हणतील वेळ मिळाला नाही, घाई झाली, त्या लोकांनी फसवलं. काहीही म्हणाले असते तरी मी विश्वास ठेवला असता, इतकी मला सवय होती. पण ते खरं बोलले. हे चूक आहे हे त्यांना माहीत होतं, मी ते जाणूनबुजून करणार नाही हेही माहीत होतं, आणि म्हणूनच मला न सांगता पाठवलं. काकूंनी चहाचा कप पुढे केला. मी तो घेतला नाही आणि चपला घालून निघाले. फाटकापर्यंत मी ऐकत होते, मागून हाक येईल म्हणून. आली नाही.

त्यानंतर मी एकेका गिऱ्हाइकाकडे जाऊन खरं काय ते सांगितलं. काहींनी ऐकून घेतलं, काहींनी दारातूनच परत पाठवलं. काजूवाल्या काकी रडल्या. हसनचाचांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि माझं सगळं ऐकून घेतलं.

शेवटी म्हणाले, "बाय, एक सांगू? सर सोता आले असते तर मी दिलां नसतां. तेंच्या डोळ्यांत बघितलां असतां नि माका कळलां असतां. तुझ्या डोळ्यांत काय नव्हतां. म्हणान दिलां."

ईदला मी त्यांच्याकडे गेले नाही. त्यांनीही बोलावलं नव्हतं.

सर पुण्याला मुलाकडे राहायला गेले. घर विकून टाकलं म्हणतात. जायच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला होता, मी उचलला नाही. मला त्यांचा मनस्वी राग आहे. माझी नोकरी गेली, दुसरी मी कशीही मिळवली असती. पण ह्या माणसांनी मला जे नाव दिलं होतं ते सरांनी मला न विचारता वापरून संपवलं, आणि ते कुठून आणायचं मला माहीत नाही.

आता मी एकटीच कामं घेते. फार मिळत नाहीत. गेल्या महिन्यात सावर्ड्याला हार्डवेअरच्या एका मोठ्या दुकानात गेले होते. तिथं मला कोणी ओळखत नव्हतं. मी तासभर सगळं समजावलं, कुठून तार जाईल, कोणतं मशीन कुठे ठेवायचं. मालक खूश झाला. बोलणी जवळजवळ ठरलीच होती. उठता उठता त्यानं सहज विचारलं, "मॅडम, काम झकास जाणता. शिकलात कुठं?"

मी दुसरं काहीही सांगू शकले असते. पण तोंडातून आलं, "जोडारी सरांकडे. रत्नागिरीला."

त्याचा चेहरा बदलला. बघता बघता त्यानं माझी कागदं गोळा करून माझ्याकडे सरकवली. "तो पाकीटचोर? मग राहू दे बाई. त्या माणसाच्या हाताखालचं कुणी नको आम्हाला."

मी कागदं उचलली, पिशवी खांद्याला लावली आणि हायवेवरच्या एसटी थांब्यावर येऊन उभी राहिले. भयंकर संताप आला होता मला. आणि लाज वाटते सांगायला, तो काम गेल्याचा नव्हता, सरांवरचाही नव्हता. त्या दुकानदाराचा होता, माझ्या सरांना चोर म्हणाला म्हणून.